आपल्या हातातील पाती
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली आणि विषयाचा प्रश्न उभा राहिला. पाककृतींवर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणाऱ्या भगिनी समोरच बसल्या आहेत. आरोग्यावर डॉक्टरीणबाई बोलतात. भरतकाम, विणकाम यांची प्रात्यक्षिके दरसाल होतात. पण प्रत्येक पाककृतीच्या आरंभी एक वाक्य ठरलेले असते : 'भाजी स्वच्छ धुऊन बारीक चिरून घ्यावी.' ती कशाने चिरावी, त्या हत्याराला धार आहे की नाही, ते कोणी आणले आणि कोणाच्या हाताच्या मापाने आणले, याविषयी अद्याप कोणी बोललेले नाही. म्हणून आज मी विळी, सुरी, खुरपे, विळा आणि कोयता या पाच पात्यांविषयी बोलणार आहे.

विषय ऐकून काहींना हसू आले ते मला दिसले. हसा खुशाल, परंतु आज सकाळपासून आपण किती वेळा पात्याला हात लावला हे मनातल्या मनात मोजा. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या बाईचा दिवस विळीवर सुरू होतो, खुरप्यावर चढतो आणि पुन्हा विळीवर मावळतो. चष्मा घेताना आपण डोळे तपासून घेतो, चप्पल घेताना पायात घालून बघतो. मग जे हत्यार जन्मभर हातात राहायचे, ते मात्र दुसऱ्याने आणावे आणि आपण मुकाट्याने वापरावे, असे का? जिच्या हातात पाते राहायचे तिने ते स्वतः पारखून घ्यावे आणि त्याची धार वेळच्या वेळी लागावी, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पहिला मान विळीचा. मिटणारा चाकू आणि मुठीत पक्के बसवलेले पाते यांत भेद आहे. मिटणाऱ्या चाकूचा सांधा कधी ना कधी ढिला होतो. पक्के पाते आपली जागा सोडत नाही. त्यातही विळी निराळी आहे. इतर हत्यारांत पाते फिरते आणि वस्तू स्थिर असते. विळीत पाते स्थिर राहते आणि भाजी फिरते. पाटावर गुडघ्याचा किंवा पायाचा भार दिला की दोन्ही हात मोकळे. म्हणून मेथीची जुडी, कोबीचा गड्डा, लाल भोपळ्याची फाक ही कामे विळीवर जशी होतात तशी सुरीने होत नाहीत. फणसासारखे दांडगे फळ दोन्ही हातांनी धरून पात्यावर दाबता येते. ही सोय फक्त आपल्यालाच सुचली असे मात्र नाही. मालवणकडे हिला आडाळी म्हणतात, कर्नाटकात ईळिगे मणे, आंध्रात कत्तिपीट, तमिळनाडूत अरुवामनै, तर बंगालात बोटी. बंगाली घरांत मासळीची बोटी वेगळी आणि भाजीची वेगळी ठेवण्याची रीत आहे. भाषा बदलली तरी बैठक एकच, यावरून ही युक्ती किती बायकांच्या हाताखालून गेली असेल याची कल्पना यावी.

मला आवडते ती जाड लाकडी पाटाची, रुंद पात्याची, टोकाला खवणी असलेली विळी. पाट जड असावा म्हणजे भार थोडा कमी पडला तरी विळी कलंडत नाही. पाते पाटात घट्ट ठोकलेले असावे. हल्ली लोखंडी पत्र्याच्या पाटाच्या, पाते आडवे पाडून ठेवण्याच्या विळ्या मिळतात. ज्या घरात रांगते मूल आहे तेथे पाते पाडून ठेवता येणे ही मोठी सोय आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु तिची खीळ ढिली झाली की भर चिरताना पाते डुलते आणि बोट जाते. अशी विळी असेल तर महिन्यातून एकदा खीळ बघावी. आणि विळी कोणतीही असो, उठताना ती भिंतीकडे तोंड करून ठेवावी. ही शिस्त माझ्या सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात लावली आणि मी ती माझ्या सुनेला लावली.

आता घरोघर उभे ओटे झाले आणि विळी कोपऱ्यात गेली. गुडघे धरलेल्या बाईने विळीवर बसलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही. ओट्यावर उभे राहून चिरायचे तर सुरी हवी. येथे मात्र आपली फार फसगत होते. बाजारातून रंगीत मुठीची, पातळ पत्र्यासारखी सुरी येते आणि सहा महिन्यांत तिने टोमॅटोही कापला जात नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचे नाव साऱ्या राज्यात आहे आणि आपल्या ओट्यावर टोमॅटो कापताना त्याचा रस्सा होतो! सुरी घ्यायची तर अशी घ्यावी, की तिच्या पात्याचे मागचे टोक मुठीत पुरते शेवटपर्यंत गेलेले असेल. मूठ दोन बाजूंनी रिपिटांनी आवळलेली असली म्हणजे ते डोळ्यांना दिसतेच. मुठीत जेमतेम बोटभर शिरलेले पाते जोर लावताच निखळते.

मासवडीचे नाव घेतल्यावाचून आपल्या भागात सुरीची गोष्ट पुरी होत नाही. विळीवर मासवडी चिरायला बसलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. बेसनाचा तो मऊ उंडा, आत तीळ-खोबऱ्याचे सारण. त्याला दाबले की सारण बाहेर. त्यासाठी लांब, पातळ, सरळ पात्याची सुरी पाहिजे, आणि दर कापाला ती ओल्या फडक्याने पुसून घेतली पाहिजे. एक विळी आणि एक अशी सुरी असली म्हणजे स्वयंपाकघराला तिसऱ्या पात्याची गरज नाही असे माझे मत आहे. सहा सुऱ्यांचा संच भेट आला तर त्यातली एकच घासून घासून झिजते आणि बाकीच्या पाच तशाच राहतात.

लोखंडी पाते घ्यावे की न गंजणारे, असे पुष्कळजणी विचारतात. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम नावाची धातू शेकडा साडेदहा किंवा त्याहून अधिक मिसळलेली असते, म्हणून त्याला गंज धरत नाही. साध्या पोलादाला गंज लवकर धरतो; परंतु त्याला घरच्या घरी दगडावर धार लावणे सोपे जाते. साध्या पात्याविरुद्ध मोठी तक्रार ही, की केळफूल, कच्चे केळे, वांगे त्यावर काळे पडते. पुष्कळजणींना वाटते की हा पात्याचा मळ. तसे नव्हे. या भाज्यांत जो तुरटपणा असतो त्याचा लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो. आपल्या पश्चिमेकडच्या डोंगरातला हिरडा याच तुरटपणासाठी मोलाचा. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी लिहिण्याची काळी शाई करीत, तीच ही क्रिया. तेव्हा केळफुलासाठी न गंजणारे पाते घ्यावे किंवा बोटांना तेल आणि वाडग्यात ताक घेऊन बसावे. पण चांगल्या लोखंडी विळीला काळेपणासाठी नावे ठेवू नयेत. काम झाल्यावर धुऊन, कोरडी करून, पात्याला तेलाचे बोट लावले की ती पुढच्या पिढीलाही पुरते.

आता घराबाहेर पडू. माझे माहेर जुन्नरच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातले आणि सासर आंबेगावच्या बागायती पट्ट्यातले. त्यामुळे दोन्हीकडची हत्यारे मी हाताळली आहेत. शेतात बाईच्या हातात सर्वांत जास्त वेळ असते ते खुरपे. ते दिसायला लहान, म्हणून त्याचा विचार कोणी करीत नाही. वास्तविक खुरपणी हे तासन् तास उकिडवे बसून करायचे काम. मूठ बारीक असेल तर बोटे आवळून आवळून तळहाताला घट्टे पडतात आणि रात्री मूठ उघडत नाही. मूठ फार जाड असेल तर पकडच बसत नाही. मुठीवर बोटे वळवल्यावर अंगठा मधल्या बोटाच्या पेरावर सहज टेकला पाहिजे, ही माझी परीक्षा. दुकानातून गडीमाणूस खुरपे आणतो ते आपल्या पंजात धरून बघतो, आणि वापरणारीचा पंजा असतो त्याच्याहून लहान! पुरुषांचे यात वाईट काही नाही, परंतु माप चुकते हे खरे. बायकांच्या हाताचे, खांद्याचे, उंचीचे माप घेऊन अवजारे करावीत हा विचार आता सरकारदरबारीही मान्य झाला आहे. शेतीतील महिलांसाठी १९९६ साली भुवनेश्वरला एक केंद्रीय संस्था स्थापन झाली, ती याच कामात आहे.

विळ्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत, साध्या धारेचा आणि दातेरी. गवत कापायला, बांध साफ करायला साधा विळा बरा. त्याला वरचेवर धार लावावी लागते. भात, गहू कापायला मात्र मी दातेरी विळ्याची बाजू घेईन. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने काढलेला 'वैभव' विळा आपल्याकडेही पोचला आहे. तो वजनाला हलका, आणि त्याला हिसका द्यावा लागत नाही. मूठभर चूड धरून आपल्याकडे ओढले की दाते आपोआप कापतात. साध्या विळ्याने दिवसभर हिसके देऊन जे मनगट सुजते ते याने वाचते. माझ्या माहेरच्या म्हाताऱ्या बायकांनी आधी नाके मुरडली. एका भाताच्या हंगामानंतर त्यांनीच तो लपवून ठेवायला सुरुवात केली, शेजारीण मागायला येईल म्हणून! मात्र एक लक्षात ठेवावे. दातेरी विळा बहुधा उजव्या हातासाठी केलेला असतो. घरात डावखुरी मुलगी असेल तर तिला 'तुझा हातच वाकडा' म्हणून टाकून बोलू नये. लोहाराकडून तिच्या हाताचे पाते करून घ्यावे.

कोयत्याचे नाव हल्ली फार बदनाम झाले आहे. पुण्याच्या वर्तमानपत्रांत 'कोयता गँग' हे शब्द वाचून शहरातली नातेवाईक मंडळी विचारतात, तुमच्या घरात कोयता कशाला? त्यांना सांगावे की कायद्यानेही हा भेद केलेला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी घडवलेल्या वस्तू 'शस्त्र' या शब्दातून वगळल्या आहेत. आणि २०१६ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा जो निर्बंध आहे, त्यातही घरगुती व शेतीच्या हत्यारांना सूट आहे. म्हणजे बांधावरचा कोयता हे अवजार. तोच घेऊन कोणाच्या अंगावर धावले तर तो गुन्हा. गुन्हा हाताचा, लोखंडाचा नव्हे.

डोंगराकडच्या आमच्या बायकांना कोयता नवा नाही. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर झाडाच्या फांद्या उतरवाव्या लागतात, सरपण फोडावे लागते, कुंपणाला काटे तोडावे लागतात. त्यासाठी पुढे बाक असलेला, पाठीने जाड, टोकाकडे भार असलेला कोयता हवा. भार टोकाकडे असला म्हणजे घाव कोयता घालतो, हात फक्त दिशा देतो. तो कमरेला दोरीने बांधलेल्या लाकडी आकड्यात अडकवावा. पदरात गुंडाळून किंवा भाऱ्यात खुपसून नेऊ नये. उताराला पाय घसरला तर तेच पाते आपल्या अंगात शिरते.

पूर्वेकडच्या सपाटीला कोयत्याचे रूप बदलते आणि अर्थही बदलतो. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणे झाली, कालव्याचे पाणी फिरले आणि ऊस वाढला. जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ऊस तोडायला बीड, अहिल्यानगर आणि आणखी दुष्काळी भागांतून माणसे येतात. त्यांची मोजणी कशी होते ते आपल्याला ठाऊक आहे. नवरा आणि बायको मिळून 'एक कोयता'. एकटा असेल तर 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. म्हणजे जी बाई पहाटे उठून भाकऱ्या भाजते, थंडीत फडात उतरते, ऊस सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढवते, ती हिशेबात कोठे असते? अर्ध्या कोयत्यात. तिचे नाव वहीत असतेच असे नाही आणि तिच्या घामाचे पैसे तिच्या हातात पडतातच असे नाही. आपल्या ओट्यावरची साखर तिच्या कोयत्याने आलेली आहे. आपल्या शिवारात कोपी पडली की निदान पाणी, मुलांची शाळा आणि बाळंतिणीला दवाखाना या तीन गोष्टी तिला मिळतात की नाही एवढे आपल्या मंडळाने बघावे, असे मला मनापासून वाटते.

या उसातच बिबट्या आहे. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे आणि ऊसतोडीच्या दिवसांत फडात बछडे सापडतात, हे काही मी नव्याने सांगायला नको. परंतु हत्याराच्या निमित्ताने दोन गोष्टी सांगते. पहिली ही, की कमरेला कोयता आहे म्हणून एकटीने फडाजवळ जाऊ नये. बिबट्या समोरून सांगून येत नाही. कोयता हातात येईपर्यंत वेळ गेलेली असते. दुसरी ही, की विळा, खुरपे ही सगळी आखूड दांड्याची हत्यारे आपल्याला खाली बसवतात किंवा वाकवतात, आणि वाकलेला माणूस जनावराला उभ्या माणसासारखा दिसत नाही. उसाच्या कडेला गवत कापताना दोघी-तिघींनी मिळून जावे, एकीने उभे राहून लक्ष ठेवावे, बोलत-आवाज करीत काम करावे. आणि जेथे लांब दांड्याच्या कोळप्याने तण निघते तेथे उगाच खुरपे घेऊन बसू नये. कंबरही वाचेल आणि जीवही.

ही पाती घडतात कोठे? पूर्वी गावचा लोहार बारा बलुत्यांपैकी एक होता. धान्याच्या बलुत्यावर तो वर्षभर हत्यारे शेवटून देई. आता बाजारात तयार माल मिळतो, तरी रस्त्याच्या कडेला पाल ठोकून घिसाडी बसतात ते आपण पाहतो. एकदा थांबून नीट पाहा. पुरुष सांडशीने लाल झालेले लोखंड ऐरणीवर धरतो आणि घण घालते ती बाई. पाठीशी झोळीत मूल, आणि डोक्यावरून येणारा घण नेमका जागेवर. बाईला जड हत्यार पेलत नाही असे जे म्हणतात त्यांना त्या पालापाशी घेऊन जावे. ही मंडळी पुष्कळदा मोटारीच्या कमानपट्ट्यांचे जुने पोलाद वापरतात. त्यात कर्ब शेकडा सुमारे अर्धा-पाऊण टक्का असतो, म्हणून ते धार धरते. साध्या मऊ लोखंडात तो फार कमी, म्हणून त्याची धार दोन दिवसांत जाते. घडवून झाल्यावर पाते लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवतात, त्याला पाणी देणे म्हणतात. पाणी कमी पडले तर धार वळते. जास्त झाले तर पाते काचेसारखे तडकते. म्हणून कडक झालेले पाते पुन्हा जरा तापवून त्याचा ताठरपणा उतरवावा लागतो. हे ज्याला साधते तो खरा कारागीर, आणि त्याच्या किंवा तिच्या पात्याला चार पैसे जास्त द्यायला कुरकुर करू नये. चांगले पाते नखाने टिचकी मारली की खणखणते. बद्द वाजले तर कोठेतरी भेग आहे असे समजावे.

आता धारेविषयी. बोथट हत्यार निरुपद्रवी असते ही समजूत अगदी उलटी आहे. धारेचे पाते जेथे ठेवाल तेथे उतरते. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, जोराने ते घसरते आणि घसरले की बोटावर येते. नव्या सुनेला मुद्दाम बोथट विळी देणारी घरे मी पाहिली आहेत, हेतू चांगला होता. परंतु तिचे हात कापले ते त्यामुळेच. आणि एक गोष्ट रोखठोक बोलते. घरात धार लावायला हत्यारे निघाली म्हणजे आधी कुऱ्हाड जाते, मग कोयता जातो, मग औत-फाट्याचे लोखंड. विळी आणि खुरपे 'पुढच्या वेळी बघू' म्हणून मागे राहतात. रोज वापरली जातात ती हीच दोन. धारेसाठी मागे राहणे आपण आपल्या अंगवळणी पाडून घेतले आहे. हे बदलायला कोणाशी भांडावे लागत नाही. पिशवीत आधी विळी घातली की झाले. घरी एक बारीक पोताचा दगड ठेवावा, त्यावर पाणी शिंपडावे आणि पाते एकाच तिरकेपणाने दहा वेळा ओढावे. काम पाच मिनिटांचे आहे.

हात कापला तर वाहत्या पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने दाबून धरावा. माती, चुना, तंबाखू काही लावू नये. शेतातल्या हत्याराने कापले असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावेच. हे सांगताना मला बाळंतिणीच्या खोलीची आठवण येते, कारण पाते आणि बाई यांची सर्वांत जुनी गाठ तेथे पडते. पूर्वी नाळ कापायला विळा, खुरपे, जे हाताशी येईल ते घेत. नारायणगावच्या विठाबाईंची हकीकत आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. तमाशा चालू असता वेणा सुरू झाल्या, कनातीमागे त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असे सांगतात. त्या माउलीच्या धैर्याला नमस्कारच करायला हवा. परंतु तिच्यावर ती वेळ यावी हे काही भूषण नव्हे. मळक्या पात्यातून धनुर्वाताचे जंतू नाळेत शिरत आणि आठवड्याच्या आत बाळ ताठून जाई. लोक म्हणत सटवीने नेले. गर्भार बाईला लस, दवाखान्यातले बाळंतपण आणि नाळेसाठी निर्जंतुक पाते या साध्या उपायांनी हा रोग इतका हटला, की बाळंतिणी व नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे भारतात निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर करण्यात आले. म्हणून पाचवीच्या पूजेत पाट्यापाशी कोयता-विळा मांडायचा तर अवश्य मांडा. त्या पूजेला माझी हरकत नाही. बाळाच्या नाळेपाशी मात्र दवाखान्यातलेच पाते असू द्या.

तसेच ग्रहणाचे. ग्रहणात गर्भार बाईने विळीवर चिरले तर मुलाचा ओठ फाटतो, असे अजूनही सांगितले जाते आणि पोरीला दिवसभर एका जागी बसवून ठेवतात. बाळाचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो. पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचेही तोवर नीटसे कळलेले नसते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात चिरलेल्या वांग्याने तो कसा फाटणार? आणि असे मूल जन्मले तर आईला दोष देण्याऐवजी त्याला शस्त्रक्रियेसाठी न्यावे; तो ओठ उत्तम जुळतो. विळीवर हा आळ घेता घेता आपण तो बाईवर घेतो, हे ध्यानात आले पाहिजे.

भगिनींनो, आता आवरते घेते. माझी मंडळाला एक सूचना आहे आणि ती खर्चाची नाही. खंडेनवमीला घरोघर शस्त्रे-अवजारे धुऊन पुजली जातात. त्याच्या आदल्या आठवड्यात मंडळाच्या अंगणात एक दिवस ठेवावा. प्रत्येकीने आपली विळी, सुरी, खुरपे आणि विळा घेऊन यावे. एखाद्या घिसाडी कुटुंबाला मानाने बोलवावे, त्यांची मजुरी रोख द्यावी, त्यांना जेवू घालावे. ढिल्या मुठी आवळून घ्याव्यात, धारा लावून घ्याव्यात, ज्यांना नवे पाते हवे त्यांनी आपला पंजा दाखवून तेथेच मापाचे सांगावे. नारायणगावच्या कृषि विज्ञान केंद्राकडे चौकशी करून नव्या अवजारांची माहितीही मिळवता येईल. आणि नवमीच्या पूजेत तलवार-कोयत्याच्या रांगेत पहिल्या जागी विळी मांडावी. घराला रोज जेवू घालण्यात तिच्याइतका वाटा दुसऱ्या कोणत्याही हत्याराचा नाही.

जेवणाची वेळ झाली आहे आणि आत कांदा चिरायचा राहिला आहे असे मघाशी कोणी म्हणाले. विळीला धार आहे ना, तेवढे आधी बघा. नमस्कार.